लोडखाली माणूस नको

पेडणेकर पंख्याखाली बसत नसे. मे महिना असो, अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असोत, आमच्या घरात आला की आधी वर बघायचा, मग खुर्ची उचलायचा आणि जिथं वारा पोचत नाही अशा कोपऱ्यात नेऊन ठेवायचा. वर बोट दाखवून म्हणायचा, "लोडखाली माणूस नको."

पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं, हा आमच्या पंख्याला नावं ठेवतोय. पंखा नवा होता, मीच टांगला होता. जन्मभर मी मुंबईत नळाचे पाइप बसवलेले. माझ्या हातचा नट ढिला पडेल असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी म्हणालो, "चार माणसं लोंबकळली तरी पडायचा नाही."

तो म्हणाला, "घर छान आहे."

आता याला काय म्हणावं?

मी चौथीपर्यंत शिकलेला. लिहायची सवय नाही. सुनेनं वही आणून दिली आणि म्हणाली, "बाबा, पेडणेकरकाकांचं लिहून ठेवा. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?" ते काही खरं नाही. सहा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो आणि तो मला कळला एका दुपारी. तरी लिहितो.

आम्ही नेरूळला आलो तेव्हा इथं घरं होती आणि वारा होता, बाकी सगळं यायचं होतं. बस दिवसातून मोजून यायची. घरं बैठी, एकसारखी, एकाला एक चिकटलेली. दोन बिऱ्हाडांमध्ये एकच भिंत. इकडे खिळा ठोकला तर तिकडची तसबीर हलायची. आमच्या एका बाजूला कांबळे, मूळचे मराठवाड्यातले, आणि दुसऱ्या बाजूला पेडणेकर. त्याची बायको मालवणाकडे गावी. ती इकडे यायला तयार नाही आणि हा तिकडे जायला. वर्षातून एकदा गणपतीला जायचा, आठ दिवसांत परत. मी विचारलं तर म्हणायचा, "तिथं झाडं नारळाची. सगळा लोड डोक्यावर."

तो गोदीतून रिटायर झालेला. सिग्नलमन. जहाजाच्या पोटात माल उतरवताना वर बसलेल्या क्रेनवाल्याला खालचं दिसत नाही. मग डेकवर उभं राहून हातानं सांगणारा माणूस लागतो. तळहात वर करून बोटं नाचवली की उचल. त्याला ते लोक हबेस म्हणतात. तळहात जमिनीकडे करून हळूहळू खाली दाबला की उतरव. ते आरिया. आणि दोन्ही हात छातीवर आडवे घेतले म्हणजे बास, लोड टेकला. तीस-बत्तीस वर्षं यानं हेच केलं. नोकरी संपली, पण हात काही थांबायला तयार नव्हते.

गल्लीत टेम्पो मागे घ्यायचा असला की हा चप्पल न घालता बाहेर. चौबळसाहेब, म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, बँकेतले, त्यांची स्कूटरसुद्धा हा हाताच्या खुणांनी फाटकातून आत घ्यायचा. साहेब म्हणायचे, "अहो पेडणेकर, मला येते चालवता." हा आपला, "आरिया... आरिया... बास!" एका वर्षी गल्लीचा गणपती चौरंगावर ठेवताना यानं चौबळसाहेबांना असा हग्या दम दिला, की त्यांनी मूर्तीखाली घातलेला हात चटका बसल्यासारखा काढला. कारण तेच. लोडखाली माणूस नको. मूर्ती टेकेपर्यंत आणि छातीवर हात आडवे होईपर्यंत कोणी टाळी वाजवायची नाही.

आवाज मोठा. साधं "जेवलास काय?" विचारलं तरी भांडतोय असं वाटायचं. मी काही विचारलं की उत्तर भलतंच. "पाणी आलं का रे?" तर म्हणायचा, "मुलगा बराय." मी म्हणायचो, डोक्यावर परिणाम झालाय याच्या.

आमच्या हिराला मात्र तो आवडायचा. हिरा म्हणजे माझी बायको. आमच्या मागच्या अंगणात दोघांच्या मधे एक कमरेएवढी भिंत. तिच्यावरून हिरा रोज वाटी द्यायची. कधी आमटी, कधी पिठलं. हा पलीकडे उभा राहून गंभीर तोंडानं हात करणार, "आरिया, वहिनी, आरिया..." आणि वाटी भिंतीवर टेकली की बास. संध्याकाळी धुतलेली वाटी परत यायची तेव्हा हिरा हात करायची, "हबेस, भावजी, हबेस!" आणि एवढी हसायची की पदर तोंडात धरायची. माझ्याशी ती तशी कधी हसली नाही. मी तसा विनोद कधी केला नाही, हेही खरं.

एकदा आमच्या टीव्हीचा आवाज गेला. चित्र होतं, आवाज नाही. पेडणेकर रोजच्यासारखा बातम्या बघायला आला, कोपऱ्यात बसला, बातम्या संपेपर्यंत मान हलवत राहिला आणि उठताना म्हणाला, "ही बाई बरी. स्पष्ट बोलते. कालचा तो मिशीवाला काय कामाचा नाय." मी आणि हिरा एकमेकांकडे बघत राहिलो. तेव्हाच कळायला हवं होतं. मला नाही कळलं. हिराला कळलं होतं का, आता कोणाला विचारू?

हिरा गेली त्याला आता तीन वर्षं होतील. भरदुपारी. मी दळण आणायला गेलो होतो, मुलगा कारखान्यात, सून माहेरी. परत आलो तर ती पेडणेकरच्या बाजूच्या भिंतीपाशी आडवी. हातात पितळेचा तांब्या. भिंतीचा चुना एका जागी खरवडलेला. तिनं भिंत वाजवली होती. लोक जमले तेव्हा मी प्रत्येकाला तेच सांगत होतो. पेडणेकर घरी असता तर धावत आला असता, नेमका आज तो बाहेर गेला असणार. पेडणेकर पुढंच उभा होता. तो तांब्याकडे बघत होता.

त्यानंतर त्यानं आपली खाट हलवली आणि आमच्या भिंतीला लावली. दुपारभर भिंतीला पाठ टेकून आणि एक तळहात भिंतीवर ठेवून बसायचा. येताजाता खिडकीतून दिसायचा. मी सुनेला म्हणालो, "हळू बोलत जा. तो आपलं बोलणं ऐकतो."

आता मुद्द्याचं.

माझी सून सुनंदा लग्नाआधी बालवाडीत शिकवायची. तिच्या मनात आलं, आपल्या पुढच्या खोलीत पाळणाघर काढावं. कल्पना तिची, पण खरी गरज कांबळेबाईंची. त्या बेलापूर रोडवरच्या औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला. त्यांची पोरगी पिंकी अडीच वर्षांची, ती चेंबूरला मावशीकडे राहायची. शनिवारी संध्याकाळी आणायची, रविवारी परत सोडायची. आठवड्याची पाहुणी. एकदा बाईंनी मला सांगितलं, "जगतापमामा, काल ती मला मावशी म्हणाली आणि मावशीला आई." एवढं सांगून त्या कपडे वाळत घालायला लागल्या.

सोसायटीचा नियम असा, की भिंतीला भिंत असलेल्या दोघांच्या सह्या हव्यात. कांबळ्यांनी डोळे मिटून केली. राहिला पेडणेकर.

पेडणेकरनं सही तर केली नाहीच, उलट टाइप केलेला अर्ज सेक्रेटरीकडे दिला. पाळणाघरामुळे गोंगाट होईल. आपण वयस्कर आहोत. आपल्याला शांतता हवी. मग बाकीच्यांनाही कंठ फुटला. कोणी म्हणालं रिक्षा येतील, कोणी म्हणालं पाणी आधीच तासभर येतं, ते पोरंच पिऊन टाकतील. एक बाई म्हणाल्या, दर्शनी भागात लंगोट वाळत घालतील आणि आमच्याकडे पाहुणे येतात. पण सगळे शेवटी बोट दाखवायचे ते पेडणेकरकडे. त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याला झोप मिळायची नाही.

मी विचारात पडलो. त्याच आठवड्यात मी टाकी साफ करत होतो आणि माझ्या हातून लोखंडी घमेलं फरशीवर पडलं. असा आवाज झाला की समोरच्या घरातलं बाळ उठून रडायला लागलं. पेडणेकर चार हातांवर पाठमोरा बसून चपलेचा अंगठा शिवत होता. त्यानं मान वळवली नाही. मी घमेलं उचललं आणि मुद्दाम पुन्हा आपटलं. तो दोरा दातानं तोडत होता.

मग एकेक आठवलं. टीव्ही. मिशीवाला. माझी स्वतःची मिशी, वरचा ओठ झाकून खालच्या ओठावर आलेली. "पाणी आलं का?" "मुलगा बराय." तीस वर्षं माल ओढणाऱ्या विंचेसच्या खडखडाटात उभा राहून याचे दोन्ही कान गेले होते, आणि हा गोंगाटाचा अर्ज करत होता!

मला राग आला. मला राग आला की तो लवकर जात नाही.

रविवारी सकाळी गल्लीच्या टोकाला, मोकळ्या प्लॉटवर सभा झाली. तिथं एक नारळ आहे. चौबळसाहेबांनी त्याच्या सावलीत खुर्च्या मांडल्या होत्या. पेडणेकरनं आल्याबरोबर वर बघितलं, खुर्ची चांगली सहा पावलं उन्हात नेली आणि टोपी घालून बसला. साहेबांनी हरकती वाचल्या. मग पेडणेकर उठला आणि आपल्या त्या मोठ्या आवाजात सांगायला लागला, की पोरांचा गोंगाट डोक्यात जातो, माणसाला दुपारची विश्रांती लागते. लोक माना डोलवत होते. कांबळेबाई खाली बघत होत्या. पिंकी त्यांच्या मांडीवर होती, दुपारी तिला चेंबूरला सोडायचं होतं.

साहेब म्हणाले, "पेडणेकर, जरा इकडे सावलीत येऊन ह्या कागदावर लिहून द्या." त्यांनी हातानं बोलावलं म्हणून हा आला. टेबल झाडाच्या बरोबर खाली. त्यानं वर बघितलं, नारळ उतरवलेले होते, म्हणून वाकून लिहायला लागला.

मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि साध्या आवाजात म्हणालो, "पेडणेकर, वरून झावळी सुटलीय. तुझ्या डोक्यावर पडतेय."

सगळी सभा वर बघायला लागली. दोघंतिघं खुर्च्या सोडून पळाले. चौबळसाहेब टेबलापासून मागे सरकले. पेडणेकर लिहीत होता.

मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं. तो लिहीत होता.

मग कोणीतरी खुसखुसलं, आणि सगळेच हसायला लागले. ते हसणं त्याला ऐकू आलं नाही, साहेबांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यानं एकेक तोंड वाचलं. मग मागे वळून माझ्याकडे बघितलं. पेनाचं टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं आणि उन्हातून चालत घरी गेला. जाताना एक स्कूटर फाटकातून आत येत होती, तिला त्यानं हात केला नाही.

"बघा, गोंगाटाची हरकत निकालात निघाली," मी म्हणालो.

कांबळेबाई उठल्या. "मामा, माझं काम तुम्ही असं करायला नको होतं," म्हणाल्या. "मला पोरगी हवी होती. त्यांची अब्रू नको होती."

चौबळसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "सही मात्र लागेलच."

घरी सुनंदा माझ्याशी बोलली नाही. दुपारी तिनं एका वाटीत आमटी घातली, माझ्या हातात दिली आणि पलीकडच्या दाराकडे बोट दाखवलं. सासऱ्याला बोट दाखवणारी सून नाही ती. मी गेलो.

दार उघडंच होतं. तो खाटेवर, भिंतीला पाठ लावून, एक हात भिंतीवर. मी वाटी टेबलावर ठेवली. त्यानं वाटीकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

"बस," म्हणाला. पहिल्यांदा त्याचा आवाज मी लहान ऐकला. आपला आवाज किती आहे हे त्याला कळत नसणार, पण त्या दिवशी छातीतच तेवढा होता.

"बहिरा आहे म्हणून हसलात, त्याचं काय नाय. आहेच मी. गोदीतल्या डाक्टरला पण मी तीन वर्षं फसवला." मग थांबला. "जगताप, त्या दिवशी मी घरीच होतो."

मला आधी समजलंच नाही कोणता दिवस.

"वहिनीनं आमटी दिलेली. कुळथाची. हीच वाटी. तिथं बसून खात होतो." त्यानं समोरच्या भिंतीकडे बोट केलं. "पाठ ह्या भिंतीकडे. पण लांब, हाताला लागत नव्हती. जहाजावर मी कानानं काम कधी केलंच नाय. विंच सुटली की डेक पायाला सांगतो. ही भिंत मला सांगत होती, जगताप. मी हात नाय लावला. मी वाटीत बघत होतो. मग तुझ्याकडे गर्दी झाली, मी आलो. तू काय बोलत होतास ते मिशीत गेलं. पण तांब्या बघितला. चुना बघितला."

खरं सांगतो, एक क्षण हात उगारावासा वाटला. हिरा भिंत वाजवतेय आणि हा तिनंच दिलेली आमटी खातोय. मग माझं लक्ष त्याच्या मागे गेलं. भिंतीचा रंग उडाला होता. पाठीएवढ्या जागेत, आणि बाजूला तळहाताएवढ्या जागेत. घासून घासून गिलावा गुळगुळीत झाला होता. एवढं व्हायला किती दुपारी लागतात ते मला कळतं, मी भिंतीत काम केलेला माणूस आहे.

"आता तुमच्याकडे पोरं येणार," तो म्हणाला. "पोरं भिंती वाजवतात. दहा वेळा खेळात वाजवतील. अकराव्या वेळी खरंच वाजवली आणि माझा डोळा लागला असला तर? परत तेच? म्हणून गोंगाट म्हटलं. दुसरं काय लिहू अर्जात?"

मला त्याला सांगायचं होतं, की डॉक्टर म्हणाले होते, कोणी असतं तरी उपयोग नव्हता. मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, माझ्या मिशीतून याला काही दिसायचं नाही. म्हणून मी हात पुढे केला. तळहात जमिनीकडे. हळूहळू खाली दाबत गेलो, जसा तो करायचा. आरिया. तो माझ्या हाताकडे बघत राहिला. चुकलं असेल माझं, मला ते काम येत नाही. पार गुडघ्यापर्यंत हात खाली नेला आणि मग दोन्ही हात छातीवर आडवे घेतले.

तो उठला, वाटी घेतली, आमटी प्यायला आणि म्हणाला, "कागद आण."

दुसऱ्या दिवशी पेडणेकर दोरखंड आणि वाळूची दोन पोती घेऊन हजर. पाळण्याच्या कडीला पोती टांगली आणि घड्याळ लावून तासभर लांब उभा राहिला. कडी मी बसवलेली. मी गप्प राहिलो. मग कडीच्या खाली चुन्यानं एक गोल आखला आणि सुनंदाला सांगितलं, पाळण्यात पोर असताना ह्या गोलात दुसरं पोर नको. आरिया करून पहिलं बाळ पाळण्यात त्यानंच उतरवून घेतलं. छातीवर हात आडवे झाल्याशिवाय आईला निघू दिलं नाही, तिची बस चुकली.

मी मिशी कातरली. सुनेनं विचारलं तर सांगितलं, उकडतं.

पिंकी चेंबूरहून कायमची परत आली. पोरांना आठवडाभरात शोध लागला, की ही भिंत वाजवली की पलीकडून कोणीतरी वाजवतं. दोनदा मारलं की दोनदा. दुपारी सगळी झोपली की तो दारात येऊन बघून जायचा. म्हणायचा, "भिंत गप्प झाली, म्हटलं बघून येऊ." बाकीचे म्हणतात आमच्या गल्लीत गोंगाट वाढला. वाढलाय. खरी गोष्ट आहे.

परवाची गोष्ट. दुपारची वेळ, पोरं झोपलेली, सुनंदा शिलाई करत होती. मी हिराचा तो पितळी तांब्या पाण्यासाठी घेतला आणि पाणी प्यायच्या ऐवजी भिंतीपाशी गेलो. खाली, जिथं चुना खरवडलेला आहे तिथं तीन वेळा वाजवला. हळू. का वाजवला ते मला विचारू नका.

हातातला तांब्या खाली ठेवेपर्यंत पेडणेकर घरात होता. उघडा, एका पायात चप्पल, उजवा हात भातानं भरलेला. धापा टाकत खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागला.

"काही नाही," मी म्हणालो. "पाणी पीत होतो."

त्यानं ओठ वाचले. मग पोरांकडे बघितलं, एकेक करून सगळी मोजली, आणि तिथंच खाली फतकल मारून बसला, श्वास जागेवर येईपर्यंत.

तो पंख्याच्या बरोबर खाली बसला होता. पंखा चालू होता. मी त्याला सांगितलं नाही.